काँक्रीटचे ठोकळे उचलण्याचा चिमटा : त्याची पकड व तिची मर्यादा

शेतीच्या बांधकामांत दगडाची जागा आतां पुष्कळ ठिकाणीं काँक्रीटनें घेतली आहे. विहिरीचा कठडा, पाटाच्या दाराखालील बैठक, ओढ्यावरील लहान बंधाऱ्याची पायरी, गोठ्यांतील गव्हाणीचा कांठ, बांधावरून जादा पाणी सोडावयाची सांड, अशा सर्व कामीं तयार ठोकळे आणून बसविण्याचा प्रघात पडत चालला आहे. ठोकळे साच्यांत घालून तयार करण्याचें काम दुसरे लोक करितात. परंतु ते गाडींतून उतरवून जागेवर बसविण्याचें काम शेतावरच, आणि बहुधा शेतावरील माणसांकडूनच होतें. बोटें चेंगरणें, पाय सांपडणें, कंबर लचकणें हे प्रकार याच वेळीं घडतात. आणि ज्याचा हात निकामी झाला त्याच्या घरचें पुढील सर्व वर्षांचें उत्पन्न बुडतें.

या कामासाठीं लोखंडी चिमटा, ज्यास कारागीर क्लँप असें म्हणतात, हें साधन फार उपयोगी आहे. परंतु चिमटा ओझें कशाच्या बळावर धरितो, हें समजून न घेतां तो वापरल्यास तेंच साधन घातक होतें. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, ज्या चिमट्यानें थोर ठोकळा उचलला तो लहान ठोकळा सहज उचलील. ही समजूत चुकीची आहे. ती कां चुकीची आहे, हें दाखविणें व त्यावरून कामाची सुरक्षित रीत ठरविणें हा या लेखाचा हेतु आहे.

१. प्रथम वजनाचा अदमास

कोणतेंही ओझें उचलण्यापूर्वीं त्याचें वजन ठाऊक असलें पाहिजे. काँक्रीटचें वजन काढणें अगदीं सोपें आहे. साध्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारें २४०० किलो भरतो, म्हणजे एक घनफूट सुमारें ६८ किलो होतो. आंत लोखंडी सळया असल्यास घनफुटास सुमारें ७१ किलो धरावे. लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास ६८ नीं गुणावें, म्हणजे वजन मिळतें.

दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच ठोकळा १०२ किलो होतो. लांबी दोन फूट केली तर तो १३६ किलो होतो. आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही दोन दोन फूट केल्यास तोच ठोकळा ५४४ किलो भरतो. एक फूट घन ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर वजन दुप्पट न होतां आठपट होतें, ही गोष्ट डोळ्यांच्या अदमासांत चटकन येत नाहीं. म्हणून अदमासावर न विसंबतां फूटपट्टी लावून हिशेब करावा.

माणसानें किती उचलावें याविषयीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालीं शिफारस केली. प्रौढ पुरुषास एकट्यानें वाहावयाचा भार ५५ किलोहून अधिक असल्यास तो शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेपर्यंत खालीं आणावा, असें तींत सांगितलें आहे. या मापानें वर सांगितलेला १०२ किलोंचा ठोकळा दोन धट्टीकट्टी माणसें दुहेरी मुठीच्या हातचिमट्यानें थोड्या अंतरावर नेऊं शकतील. १३६ किलोंचा ठोकळा दोघांनी उचलूं नये. त्यापुढील कामास कप्पी, तिपाई किंवा यंत्र हवेंच.

२. चिमट्याची रचना

चिमटा ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थपति व्हिट्रुव्हियस यानें स्थापत्यावरील आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत, कप्पीखालीं बांधलेल्या लोखंडी चिमट्यांचे दांत दगडास पाडलेल्या भोंकांत बसवून दगड उचलीत, असें वर्णन केलें आहे. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्या चिमट्याचा दांत भोंकांत शिरलेला असे, म्हणून दगड दातांवर टांगला जाई. आपण काँक्रीटच्या ठोकळ्यास भोंक पाडीत नाहीं. आपल्या चिमट्याचे जबडे सपाट असतात, त्यांस रबराची गादी किंवा खांचा पाडलेली पोलादी पट्टी लावलेली असते, आणि ते ठोकळ्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर केवळ दाबून बसतात. ठोकळा खालीं घसरूं पाहतो, आणि दाबलेल्या पृष्ठांमधील घर्षण त्यास अडवितें. या घर्षणाखेरीज ठोकळ्यास दुसरा आधार नाहीं.

रचना कात्रीसारखी असते. दोन बाहू एका मधल्या खिळ्यावर फिरतात. वरच्या दोन टोंकांस साखळीचे दोन फांटे लावून ते वर एका कडींत एकत्र आणलेले असतात. कडी वर ओढली कीं साखळी दोन्ही टोंकांस आंत ओढते, वरचीं टोंकें जवळ येऊं लागतात, आणि कात्रीच्या न्यायानें खालचे जबडेही जवळ येऊन ठोकळ्यास आवळतात. ओझें जितकें जड, तितकी साखळीची ओढ जास्त, आणि ओढ जितकी जास्त तितकी पकडही जास्त. चिमट्याचा हा मोठा गुण आहे. आणि लोकांस निष्काळजी करणारा गुणही हाच आहे.

३. पकडीचा हिशेब

फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ यानें १६९९ सालीं घर्षणाचा नियम मांडला, त्याचा सारांश असा कीं, घर्षणाचें बळ दाबाच्या प्रमाणांत असतें. दाब दुप्पट झाला तर घर्षण दुप्पट होतें. आतां ठोकळा दोन जबड्यांनी धरिला आहे, म्हणून प्रत्येक जबड्याकडे निम्मा भार येतो. जबडा ठोकळ्याच्या वजनाइतक्याच बळानें दाबीत असेल, तर घर्षणानें दाबाच्या शेंकडा ५० इतका भार धरिला पाहिजे. दाब वजनाच्या दीडपट असेल तर शेंकडा ३३ पुरे होतील. दाब वजनाहून कमी असेल तर शेंकडा ५० हूनही अधिक लागेल.

हा दाब किती पडेल तें चिमट्याच्या आकारावर अवलंबून आहे. उदाहरणादाखल एक चिमटा घेऊं. तो २४ इंच रुंदीच्या ठोकळ्यावर बसविला आहे. मधल्या खिळ्यापासून जबडा आडवा १२ इंच दूर व १२ इंच खालीं आहे. त्याच बाहूचें वरचें टोंक खिळ्याच्या दुसऱ्या बाजूस आडवें १८ इंच व ८ इंच वर आहे. साखळीचा फांटा अर्ध्या काटकोनांत, म्हणजे ४५ अंशांत, कललेला आहे. हिशेबाची रीत अशी :

वरच्या टोंकापासून जबड्यापर्यंतचें आडवें अंतर १८ अधिक १२ मिळून ३० इंच. साखळीच्या आंतल्या ओढीबद्दल त्यांत भर घालावी. साखळी ४५ अंशांत असतां ही भर वरच्या टोंकाच्या उंचीइतकीच, म्हणजे ८ इंच. एकूण ३८. आतां जबडा खिळ्याच्या खालीं जितका आहे त्याची दुप्पट करावी, ती २४. अडतिसास चोविसांनी भागिलें असतां सुमारें १.५८ येतात. म्हणजे प्रत्येक जबडा ठोकळ्याच्या वजनाच्या सुमारें १.५८ पट दाबतो, आणि घर्षणाकडून दाबाच्या शेंकडा ३२ इतकेंच काम घ्यावें लागतें. ५४४ किलोंच्या ठोकळ्यावर हा दाब एका बाजूस सुमारें ८६० किलो होतो. चिमट्याचें स्वतःचें वजन या हिशेबांत धरलेलें नाहीं.

आतां तोच चिमटा १२ इंच रुंदीच्या लहान ठोकळ्यावर बसवूं. जबडे जवळ येण्यासाठीं बाहू उभे व्हावे लागतात. खिळ्यापासून जबड्याचें आडवें अंतर ६ इंच उरतें, आणि जबडा जवळजवळ १६ इंच खालीं जातो. वरचें टोंकही आंत सरून सुमारें १३ इंचांवर येतें आणि साखळीचा कल कमी होतो. वरच्याच रीतीनें मोजलें असतां साखळीबद्दलची भर धरून वरची बेरीज सुमारें २८ येते, आणि खालची दुप्पट सुमारें ३२. भागाकार एकाहून कमी, सुमारें ०.८८ येतो. म्हणजे घर्षणाकडून आतां दाबाच्या शेंकडा ५७ इतकें काम हवें.

दोन्ही ठोकळे पुढीलप्रमाणें समोरासमोर ठेवून पाहावे :

२४ इंच रुंदीचा, ५४४ किलोंचा ठोकळा : घर्षणाची गरज दाबाच्या शेंकडा ३२.
१२ इंच रुंदीचा, १३६ किलोंचा ठोकळा : घर्षणाची गरज दाबाच्या शेंकडा ५७.

लहान ठोकळ्याचें वजन थोरल्याच्या एक चतुर्थांश आहे. तरी सुटून पडण्याचा संभव लहानाचाच अधिक आहे. या हिशेबांत वजनाचा आंकडा कोठेंही शिरला नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. वजन वाढलें तर दाब वाढतो आणि घर्षणही तितकेंच वाढतें. म्हणून सुटणें न सुटणें वजनानें ठरत नाहीं. तें ठोकळ्याच्या रुंदीनें आणि त्याच्या पृष्ठानें ठरतें. वजनानें ठरतें तें इतकेंच कीं, लोखंड, साखळी व कप्पी तुटणार कीं टिकणार.

म्हणून चिमट्यावर दोन गोष्टी कोरलेल्या असल्या पाहिजेत : किती वजनापर्यंत तो चालतो, आणि किती रुंदीपासून किती रुंदीपर्यंत तो चालतो. पहिला आंकडा सर्व पाहतात, दुसरा फार थोडे पाहतात. ज्या चिमट्यावर रुंदीची मर्यादा लिहिलेली नाहीं तो विकत घेऊं नये, आणि गांवच्या लोहाराकडून अदमासानें घडवूनही घेऊं नये. लोहाराच्या कसबांत उणेपणा असतो असें नव्हे; बाहूंचा कोन हिशेबानें ठरवावा लागतो आणि बनविल्यावर मोठ्या भारानें पारखून पाहावा लागतो, म्हणून ही सूचना आहे.

४. पकड कशानें जाते

कोरड्या, स्वच्छ व खरखरीत काँक्रीटवर चांगली रबरी गादी दाबाच्या निम्म्याहून अधिक भार धरूं शकते. परंतु शेतावरील ठोकळा क्वचितच कोरडा व स्वच्छ असतो. खालील कारणें विशेष ध्यानांत ठेवावीं.

(अ) ओला चिखल व शेवाळ. काळ्या मातीचा पातळ थर बसला तरी रबर काँक्रीटला न लागतां चिखलास लागतें, आणि घर्षण एकदम उतरतें. विहिरीजवळ वर्षभर पडून राहिलेल्या ठोकळ्यावर शेवाळ धरलेलें असतें. तारेच्या ब्रशानें घासून, धुवून, वाळवूनच जबडा लावावा.

(आ) तेल. साच्यांतून ठोकळा सुटावा म्हणून साच्यास तेल लावतात. नव्या ठोकळ्याच्या बाजूस तें राहतें. बोट फिरवून पाहिल्यास लगेच समजतें.

(इ) कोंवळें काँक्रीट. काँक्रीटचें पूर्ण बळ धरण्याचें माप २८ दिवसांचें समजतात. लवकर उचललेल्या ठोकळ्याचा कांठ जबड्याखालीं फुटतो, आणि खपली निघाली कीं जबड्याखालचा आधारच नाहींसा होतो. भेग दिसणारा ठोकळा चिमट्यानें मुळींच उचलूं नये.

(ई) निमुळत्या बाजू. ठोकळा खालीं रुंद व वर अरुंद असेल तर तो जबड्यांत अधिकच घट्ट बसतो. उलट खालीं अरुंद असेल तर तो पाचरीसारखा निसटतो. अशा ठोकळ्यास कात्रीचा चिमटा लावूं नये. खालून पट्टे घालून उचलावा.

(उ) मध्येंच टेकणें. चिमट्याची पकड साखळीच्या ओढीवर आहे. लोंबणारा ठोकळा भिंतीच्या कांठावर किंवा गाडीच्या फळीवर टेकला तर भार साखळीवरून उतरतो, साखळी सैल पडते, जबडे उघडतात, आणि ठोकळा अर्ध्यावरून कोसळतो. पुष्कळ अपघातांचें मूळ येथें आहे.

५. उचलण्याची रीत

ज्या तिपाईस किंवा यंत्रास चिमटा टांगावयाचा तिची शक्ति आधीं पाहावी. सर्व साधनांत जें सर्वांत दुबळें, तेवढीच सर्वांची शक्ति. एक टन चालणाऱ्या कप्पीखालीं अर्धा टन चालणारा आंकडा असेल तर तें साधन अर्ध्या टनाचेंच होय. दोन फांट्यांच्या साखळीचा प्रत्येक फांटा उभ्या रेषेपासून ६० अंश कलला तर प्रत्येकावर संपूर्ण वजनाइतका ताण येतो. ४५ अंशांस वजनाच्या सुमारें ०.७१ पट येतो. म्हणून आंखूड साखळी लावून फांटे फार पसरूं देऊं नयेत.

तिपाईचे पाय काळ्या जमिनींत रुततात, आणि एक पाय रुतला कीं सर्व कलते. प्रत्येक पायाखालीं जाड फळी घालावी, व तिन्ही पाय खालून साखळीनें एकमेकांस बांधावे, म्हणजे ते फांकणार नाहींत. माती उकरण्याच्या यंत्रानें उचलावयाचें असल्यास, बनविणाऱ्यानें उचलण्यासाठीं दिलेल्या कडीसच साखळी लावावी. खोऱ्याच्या दातांस गुंडाळलेली साखळी केव्हांही निसटते.

मग पुढील क्रम पाळावा.

जबडे ठोकळ्याच्या लांबीच्या मध्यावर, समोरासमोर व एकाच उंचीवर लावावे. जबडा ठोकळ्याच्या अर्ध्या उंचीच्या किंचित वर असावा. खालीं लावल्यास वरचा भाग जड होऊन ठोकळा उलटतो. कडी बरोबर मध्यावर यावी, तिरपी ओढ पडूं देऊं नये. प्रथम साखळी ताणून थांबावें व दोन्ही जबडे पूर्ण टेकले कीं नाहीं तें पाहावें. मग ठोकळा जमिनीपासून चार बोटें उचलावा आणि दहा अंक मोजेपर्यंत तसाच ठेवावा. घसरावयाचा असेल तर बहुधा तेथेंच घसरतो, आणि चार बोटांवरून पडलेला ठोकळा कोणाचें नुकसान करीत नाहीं. ठोकळा चिखलांत रुतलेला असेल तर आधीं पहारेनें मोकळा करावा. चिमट्यानें उपटूं नये.

उचललेला ठोकळा शक्य तितका जमिनीलगत न्यावा. त्यास हातानें वळवूं नये. एका टोंकास सोल बांधून दूर उभें राहून वळवावा. ओझ्याखालीं, किंवा तें पडल्यास जेथें लोळत जाईल तेथें, कोणीही असूं नये. पोरेंसोरें व गुरें आधींच दूर करावीं. इशारा एकाच माणसानें द्यावा. मात्र "थांबा" हा शब्द कोणीही उच्चारला तरी काम तत्काळ थांबलें पाहिजे. हिसका देऊं नये. टांगलेलें ओझें एकाएकीं सोडून एकाएकीं अडविलें असतां साखळीवर वजनाच्या दुपटीहूनही अधिक ताण येऊं शकतो. ठोकळा खालीं पूर्ण बसून स्थिर झाल्यावरच साखळी सैल करावी; आणि तो बसत असतां त्याच्याखालीं बोट घालून चुना किंवा खडा सारखा करण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. त्या कामास लांकडी काठी वापरावी.

६. काम लवकर उरकण्याविषयीं

सावधगिरीनें काम मंदावतें असें पुष्कळांस वाटतें. अनुभव असा कीं, वेळ उचलण्यांत जात नाहीं; वेळ चिमटा लावण्यांत, सोडविण्यांत आणि जागा शोधण्यांत जातो. म्हणून ठोकळे उतरवितांनाच ते एकमेकांपासून चार इंच अंतर सोडून, खालीं लांकडाच्या दोन पट्ट्या घालून मांडावे. एकमेकांस चिकटवून रचलेल्या ठोकळ्यांत जबडा शिरत नाहीं, आणि मग पहारेनें सरकविण्यांतच दुपार होते. ज्या क्रमानें बसवावयाचे त्याच क्रमानें मांडावे. एकाच रुंदीचे ठोकळे एका रांगेस ठेवावे, म्हणजे एका रांगेस एकच चिमटा लागेल आणि चुकीचा चिमटा चुकीच्या ठोकळ्यास लागणार नाहीं.

कप्पीनें मेहनत कमी होते, काम कमी होत नाहीं, हेंही जाणून असावें. ५४४ किलोंचा ठोकळा एक मीटर उचलावयाचा आणि हातसाखळीस २५ किलोंची ओढ द्यावयाची, तर कमींत कमी सुमारें २२ मीटर साखळी ओढावी लागेल. कप्पीच्या घर्षणामुळें प्रत्यक्षांत त्याहून अधिक. म्हणून ठोकळा विनाकारण उंच नेऊं नये. फुटाभर उचलून जें काम होतें त्यास चार फूट उचलणें म्हणजे चौपट श्रम व चौपट धोका होय.

जे ठोकळे आपण स्वतःच शेतावर घालणार असूं, त्यांस साच्यांतच साध्या गुळगुळीत मऊ सळईची कडी पुरवून ठेवणें सर्वांत बरें. पीळदार कठीण सळई कडीसाठीं वांकविल्यास ती वांकाशीं तडकण्याचा संभव असतो, म्हणून ती वापरूं नये. कडी असली कीं घर्षणावर विसंबण्याचें कारण उरत नाहीं.

७. तपासणी व नोंद

१९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत, २९ व्या कलमानें, ओझें उचलण्याचीं साधनें, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदां जाणत्या माणसाकडून कसून तपासणी करविण्याचें बंधन घातलेलें होतें. तो कायदा कारखान्यांसाठीं होता. परंतु त्यांतील शहाणपण शेतासही तितकेंच लागू पडतें. मधला खिळा झिजून ढिला झाला आहे काय, बाहू वांकले आहेत काय, साखळीचा दुवा ताणून लांबट झाला आहे काय, आंकड्याचें तोंड उघडलें आहे काय, रबर गुळगुळीत किंवा फाटलेलें आहे काय, एवढें पाहण्यास पाव घटकाही लागत नाहीं. वांकलेला बाहू तापवून सरळ करूं नये. तापविल्यानें पोलादाचा पाणा जातो आणि चिमट्यावर कोरलेला वजनाचा आंकडा खोटा ठरतो.

आपल्या संस्थेसारख्या मंडळानें गांवास एक चिमटा, एक कप्पी व एक तिपाई घेऊन ठेवावी, आणि सोबत एक लहानशी वही असावी. कोणी नेला, केव्हां नेला, किती रुंदीच्या ठोकळ्यांस लावला, परत येतांना काय दोष दिसला, इतक्या चार रकान्यांची नोंद पुरे आहे. नोंद नसलेलें साधन दहा हातांतून फिरतें आणि त्याचा दोष कोणाचाच राहत नाहीं. आणि मग तो दोष ज्याच्या अंगावर ठोकळा पडतो त्यास भोगावा लागतो. तो मनुष्य बहुधा रोजानें आलेला असतो. चिमटा त्यानें निवडलेला नसतो, ठोकळा त्यानें मोजलेला नसतो. निवडणारे व मोजणारे आपण आहों. म्हणून वजनाचा गुणाकार, रुंदीचें माप आणि चार बोटें उचलून पाहणें, या तीन गोष्टी झाल्यावांचून आपल्या शेतावर ठोकळा हालूं देऊं नये, असा नियम प्रत्येक खातेदारानें स्वतःशीं करावा.